बोनेट उघड, भाऊराया

प्रिय भाऊराया,

परवा रात्री तू फोनवर म्हणालास, ‘ताई, भंगारवाला येऊन गेला. गाडी वजनावर घेतो म्हणतो.’ मी गप्प राहिले. तुला वाटलं असेल, ताईलाही पटलं. पटलं नव्हतं रे. बोलले असते तर रडले असते, म्हणून फोन ठेवला. आता सावरून लिहिते आहे. आणि हे पत्र मासिकाला छापायला देते आहे, कारण मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत तुझ्याकडे येताना तुझ्या गाडीसारख्याच ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या आणखी काही गाड्या मला दिसतात. त्यांच्याही मालकांना कुणीतरी हे सांगायला हवं.

आपलं खालचं शेत समृद्धी महामार्गात गेलं, तो दिवस मला लख्ख आठवतो. बाबा ओटीवर बसले होते. सातबारा वाचायला ते ज्या भिंगाचा उपयोग करायचे तेच भिंग त्यांनी नोटिशीवर धरलं होतं आणि आपला गट नंबर पुन्हा पुन्हा वाचत होते. रस्ता पुरा झालेला बघायला ते राहिले नाहीत. 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, तेव्हा तू मला त्यावरून घेऊन गेलास. 701 किलोमीटरच्या त्या रस्त्यात आपलं शेत डोळ्याची पापणी लवेपर्यंत मागे गेलं. आपण दोघंही काही बोललो नाही.

मोबदल्यातून घर बांधलंस, आईचं ऑपरेशन केलंस, उरल्या पैशांतून ही गाडी आणलीस. लोक काय काय म्हणाले ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. शेत विकून खेळणं आणलं, म्हणाले. मी त्या वेळीही तुझ्या बाजूने होते आणि आजही आहे. आयुष्यभर चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाच्या मुलाने एक सुंदर यंत्र घरी आणलं तर त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

आणि यंत्र खरोखर सुंदर आहे. 1996 साली तुरीनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने एसएलके पहिल्यांदा दाखवली, तेव्हा तिच्या छपराने जग थक्क झालं होतं. पोलादी छप्पर साधारण 25 सेकंदांत दुमडून डिकीत जाऊन बसतं. एस, एल, के ही अक्षरं जर्मन शब्दांची: स्पोर्टी, हलकी, आखूड. 2004पर्यंत या पहिल्या पिढीच्या तीन लाखांहून जास्त गाड्या बनल्या. तुझी 2001ची, 230 काँप्रेसर. चारच सिलिंडर, पण इंजिनात हवा दाबून भरणारा काँप्रेसर असल्यामुळे 197 अश्वशक्ती. आपल्याकडे 1995पासून पुण्यात टेल्कोच्या आवारात मर्सिडीज जोडल्या जाऊ लागल्या, पण ही त्यांतली नव्हे. ही ब्रेमेनच्या कारखान्यातून तयार होऊनच निघाली. म्हणून सुटा भाग मिळवायला वेळ लागतो, आणि म्हणूनच प्रत्येक जण तिच्याकडे बघून आधी हात वर करतो.

तूही तेच करायला लागलास. जाळीवरच्या त्या चांदणीचा तुला धाक बसला आहे. ट्रॅक्टरचा क्लच तू स्वतः बसवलास, बोअरच्या मोटरचं वायंडिंग जळलं की वासावरून ओळखतोस, आणि या गाडीचं बोनेट उघडायला मात्र तुला कुणाची तरी परवानगी लागते.

बाबांचं डिझेल इंजिन आठव. भेंडीला पाणी सुरू करायच्या आधी दरवर्षी ते खळ्यात गोणपाट अंथरून बसायचे. नोझल काढायचे, रॉकेलमध्ये धुवायचे, सुटलेला प्रत्येक नट आईच्या ताटात ज्या क्रमाने सुटला त्या क्रमाने ठेवायचे. ताटाला हात लावला की ओरडायचे. त्यांना हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तेव्हा सायकल तिथे आजच्या तुझ्या गाडीइतकीच परकी होती. ते स्वतः चालवायला शिकले, दुरुस्त करायला शिकले, मग दुसऱ्यांना शिकवू लागले. पुढे नांगर आणि पंप काढणाऱ्या उद्योगाची सुरुवात त्या दुकानातून झाली. परक्या यंत्राशी ओळख करून घ्यायची ती हाताने, ही रीत आपल्या मातीत पूर्वीपासूनची आहे.

म्हशाच्या जत्रेची गोष्ट तू विसरलास का? पौष पौर्णिमेनंतर तू आलास, डिकीत घोंगड्या कोंबलेल्या, आणि छप्पर उघडेना. बटण दाबलं की नुसता दिवा लुकलुकायचा. तू म्हणालास, हायड्रॉलिकचा पंप गेला. एका ठिकाणी फोन केलास तर त्यांनी पंपाची किंमत सांगितली आणि तुझा चेहरा उतरला. मी डिकी उघडून बघितलं. सामान आणि छप्पर यांच्यामध्ये एक आडपडदा असतो. छप्पर आत येऊन बसायला जागा मोकळी आहे, याची खूण गाडीला तोच देतो. पडदा त्याच्या खाचेत अडकला की बारीक स्विच दाबला जातो, आणि तो स्विच दाबल्याशिवाय गाडी छप्पर हलवतच नाही. घोंगड्यांमुळे पडदा अर्ध्यातच राहिला होता. घोंगड्या काढल्या, पडदा अडकवला, बटण दाबलं. पोरं टाळ्या वाजवत अंगणभर नाचली. मला तेव्हा त्या गाडीचं फार कौतुक वाटलं. तिने हट्ट केला नव्हता, तुझ्या घोंगड्या आणि स्वतःचं छप्पर दोन्ही वाचवलं होतं.

मग त्या पावसाळ्यात पायाशी पाणी साचलं. तुला वाटलं, छपराचं रबर कुजलं. आपण दोघांनी वायपरखालचं काळं झाकण काढलं तर आत सागाची पानं, आंब्याचा मोहोर आणि माती यांचा असा थर बसला होता की त्यात रोप उगवलं असतं. काचेवरून उतरणारं पाणी त्या खोबणीत येतं आणि दोन बाजूंच्या छिद्रांतून खाली जातं. छिद्रं बुजली की पाणी वाट शोधतं आणि आत शिरतं. आपल्याकडचा पाऊस काही जर्मनीतला पाऊस नाही. भातखाचरात पाणी तुंबलं की बाबा मध्यरात्री कंदील घेऊन, खांद्यावर फावडं टाकून निघायचे आणि बांधाला वाट करून द्यायचे. तू हाताने तो चिखल उपसलास, नळीने पाणी सोडलंस, आणि ते चाकामागून भळभळ बाहेर आलं तेव्हा तू जसा हसलास तसा मी तुला बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच हसताना पाहिलं. छपराच्या रबराकडच्या वाटाही अशाच आहेत. मृगाच्या आधी एकदा आणि गणपतीच्या सुमारास एकदा साफ करायच्या. मोहोर गळायला लागला की गाडी आंब्याखालून हलवायची. एवढंच.

तो पिवळा दिवाही तसाच. बीएएस आणि ईएसपी असं काहीतरी लिहून यायचं, तुला वाटायचं ब्रेक गेले. ब्रेकच्या पेडलाच्या वर एक छोटा स्विच असतो, मागचा लाल दिवा लावणारा. तोच स्विच या यंत्रणेलाही सांगतो की पाय ब्रेकवर आहे. तो कुरकुरायला लागला की गाडी गोंधळते. स्विच बदलला, दिवा गेला. अर्थात दिवा गेला म्हणून आपण थांबलो नव्हतो. मी मागे उभी राहून लाल दिवे लागतात का ते पाहिलं, आणि तू गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक दाबून पाहिलेस.

डॅशबोर्डचा रंग चिकट होऊन निघतो, ते दिसायला वाईट आहे, बाकी काही नाही. त्याची चिंता सोड. उंदरांची मात्र कर. भाताच्या कणगीशेजारी गाडी उभी केलीस, तर उंदीर वायरी कुरतडणारच. कणगी हलत नसेल तर गाडी हलव.

आता आजच्या दुखण्याकडे येते. तू सांगितलंस, सकाळी गाडी सुरू होते, आसनगावपर्यंत नीट जाते, तापली की अचानक बंद पडते. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू होते. एका वर्कशॉपने इंजिनाचा कॉम्प्युटर बदलावा लागेल असं सांगितलं आणि जो आकडा दिला, तो ऐकून तू भंगारवाल्याला बोलावलंस.

भाऊराया, तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू, हे लक्षण मी आयटीआयत पोरांना पहिल्या वर्षी शिकवते. जुने टीव्ही असेच वागायचे. डोक्यावर थाप मारली की चित्र यायचं. मेकॅनिक म्हणायचा, ड्राय सोल्डर झालंय. सर्किटच्या पाटीवर जिथे जाडजूड भाग झाळलेला असतो तिथे वर्षानुवर्षं तापून, गार होऊन, धक्के खाऊन झाळणीला पायाभोवती बारीक गोल चीर पडते. गार असताना दोन्ही कडा टेकलेल्या असतात, वीज जाते. तापलं की कडा सरकतात, वीज तुटते. तुझ्या गाडीत बोनेटखालच्या फ्युजपेटीत एक मोठा रिलेचा डबा आहे, के-40 म्हणतात त्याला. पेट्रोलच्या पंपाला आणि इंजिनाच्या यंत्रणेला वीज त्यातूनच जाते. या पिढीच्या एसएलकेमध्ये त्या डब्यातल्या झाळणीला चिरा पडणं हा जगभर माहीत असलेला दोष आहे.

पण आधीच रिलेवर झडप घालू नकोस. दोन महिने उभी असलेल्या गाडीत पहिल्यांदा बॅटरी बघायची. मल्टिमीटर लाव. बंद गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास यायला हवं, सुरू केल्यावर 14च्या जवळपास. बॅटरी मेलेली असेल तर ही गाडी नको नको ते दिवे लावून तुला घाबरवेल. बॅटरी ठीक असेल तर गाडी तापव, बंद पडू दे, आणि लगेच चावी एक टप्पा फिरवून कान दे. मागच्या बाजूने पंपाचा क्षणभर घूंऽऽ असा आवाज यायला हवा. आलाच नाही, तर संशय रिलेवर. आवाज येतो आणि तरी इंजिन पकडत नाही, तर मग क्रँकचा सेन्सर. तोही तापला की असाच रुसतो, आणि कॉम्प्युटरच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही. गार झाल्यावर ऐकून उपयोग नाही. आजारी माणसाला ताप असतानाच तपासायचं असतं.

आणखी एक गोष्ट बघ, आणि ही आजच बघ, कारण ही वाट पाहत नाही. इंजिनाच्या पुढच्या अंगाला वर कॅमशाफ्टचा गोल मॅग्नेट आहे, त्याला दोन वायरींचा प्लग आहे. तो प्लग काढून पांढऱ्या फडक्याने पूस. फडक्याला तेल लागलं तर सावध हो. मॅग्नेट आतून पाझरायला लागला की तेल प्लगमध्ये शिरतं आणि तिथून वायरीच्या वेष्टणाच्या आत, तारांच्या मधून, पुढे सरकत जातं. देव्हाऱ्यातल्या निरांजनात वात तेल ओढते तसं. कुणी ढकलत नाही, कसला दाब नाही, आपोआप चढतं. महिनोन् महिने चढत चढत ते खुद्द इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतं. मग खरोखरच कॉम्प्युटर जातो. त्या मानाने मॅग्नेट स्वस्त. आणि मध्ये घालायची एक आखूड जादा वायर मिळते, म्हणजे पुन्हा पाझरलं तरी तेल तिथेच अडतं. मला या गाडीतला सर्वांत हळवा भाग हाच वाटतो. मोठा बिघाड एवढ्या शांतपणे, एवढ्या बारीक वाटेने येतो, आणि तो आधी दिसायला एक फडकं पुरतं.

रिले निघाला तर तो आपण तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाळू. काढताना आधी चावी बाहेर, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल, मग डब्याचा आणि त्याच्या वायरींचा चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो. प्लग ओढताना वायर धरायची नाही, प्लगची खिटी दाबायची. पंचवीस वर्षांचं प्लास्टिक आहे, खारीसारखं मोडतं. सोल्डर मी 63-37 वापरते, ते 183 अंशांला एकदम वितळतं आणि एकदम थिजतं, मध्ये लोळत नाही. जुनी झाळण आधी विकने, म्हणजे तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, उचलून घ्यायची, मग नवी. नुसती वरून टिकली लावली तर चीर खाली तशीच राहते. ही चूक माझे विद्यार्थी दरवर्षी करतात आणि मी दरवर्षी पुसून पुन्हा करायला लावते.

आता जे करायचं नाही ते. पिवळ्या वेष्टणाच्या वायरी आणि पिवळे प्लग दिसले की हात मागे, त्या एअरबॅगच्या आहेत. छप्पर अर्ध्यात अडकलं तर डिकीच्या झाकणाखाली डोकं घालू नकोस. त्याला हायड्रॉलिक दाब उभं ठेवतो, आणि दाब कधी उतरेल ते सांगता येत नाही. आधी भक्कम टेकू दे. पडवीतल्या सारवलेल्या जमिनीवर जॅक लावून गाडीखाली शिरायचं नाही, तुझ्या मुलांची शपथ आहे. जमीन ओली झाली की जॅक खचतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पेट्रोलचा वास आला तर चावीसुद्धा फिरवायची नाही. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, इतक्या जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्या काळी त्या मिश्रणासाठी केलेल्या नव्हत्या. त्या नळ्या आणि ब्रेकचे पाइप ज्याचं रोजचं काम आहे त्याच्याकडूनच बदलून घ्यायचे, त्यात काटकसर नाही.

आणि एक कडू गोष्ट, लपवत नाही. ऑगस्ट 2025पासून 20 वर्षांवरच्या आयात मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क 80,000 रुपये झालं आहे. ते पाना-पकडीने वाचत नाही, ते भरावंच लागेल. म्हणून तर सांगते, जो पैसा दर बारीकसारीक दिव्यासाठी बाहेर जातो, तो बाजूला पडायला लागू दे. मीही माझ्याकडून घालीन. घालू नकोस म्हणू नकोस. शेत माझंही होतं.

तुला आठवतं, कार्तिकात आपण माळशेजला गेलो होतो? टोकावड्याला चहाला थांबलो तेव्हा तू छप्पर उघडलंस आणि शाळेतून सुटलेली पोरं गोळा झाली. एक मुलगी पुढे आली, तिने मला विचारलं, ‘मावशी, याला कोण ढकलतं?’ तू तिला डिकीपाशी नेऊन पंप दाखवलास, तेलाच्या नळ्या दाखवल्यास, तिच्या हाताने बटण दाबायला दिलंस. ती किती वेळ वाकून बघत होती. पुढे घाटात वर चढताना मी डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरला होता आणि कड्यांकडे मान वर करून बघत होते. एवढी वर्षं एसटीतून गेले, पण डोंगर वरपर्यंत कधी दिसलाच नव्हता.

ती गाडी वजनावर देऊ नकोस.

रविवारी मी सकाळच्या गाडीने येते. सोल्डरिंग आयर्न, विक, फ्लक्स, मल्टिमीटर माझ्याकडे आहे. तू फक्त दोन कामं कर. शनिवारी बॅटरी चार्जिंगला लाव. आणि आईच्या लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या फायलीखाली, रुमालात गुंडाळलेलं बाबांचं भिंग आहे, ते काढून ठेव. झाळणीतली चीर केसाएवढी असते. माझ्या चष्म्याने आता ती दिसत नाही.

तुझी,
ताई